शॅमेलिऑन दुपारी फिकट पडतो, तोंड उघडं ठेवतो: ऊन लागलंय की आजारी आहे?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये सातपूरला वरच्या मजल्यावर राहता, आठ महिन्यांचा व्हेल्ड शॅमेलिऑन (डोक्यावर उंच तुरा असलेली, रंग बदलणाऱ्या सरड्याची परदेशी जात) आहे, पिंजरा खिडकीपाशी आहे आणि गेले काही दिवस दुपार झाली की तो एकदम फिकट पडतो, तोंड उघडं ठेवून बसतो, खाली तळाशी उतरून येतो आणि मधेमधे डोळे मिटतो. घरचे म्हणतायत उन्हाळा आहे, होतं असं. यातला फिकट रंग, उघडं तोंड आणि खाली उतरणं या तिन्ही गोष्टी उष्णतेच्याच वाटतात, पण डोळे मिटणं वाचून मला काळजी वाटली. शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही, निरोगी असेल तर त्याचे दोन्ही डोळे दिवसभर वेगवेगळ्या दिशांना फिरत असतात, त्यामुळे भर दुपारी डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन म्हणजे काहीतरी बिघडलंय असंच धरून चालायचं.

आधी आत्ता काय करायचं ते सांगतो, बाकीचं नंतर वाचा. बास्किंगचा बल्ब (त्याला ऊब घ्यायला लावतो तो) बंद करा आणि पिंजरा खिडकीपासून उचलून घरातल्या ज्या खोलीच्या भिंतीला ऊन लागत नाही तिथे न्या. पंखा चालू ठेवा पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. मग त्याच्या आजूबाजूच्या पानांवर आणि थोडं त्याच्या अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारा, पाणी खोलीत ठेवलेल्या बादलीतलं साधं घ्या, कारण दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं आणि माठातलं किंवा फ्रिजमधलं एकदम गार पाणी तापलेल्या जिवाला झेपत नाही. बर्फ लावू नका, फ्रिजसमोर धरू नका, आणि ड्रॉपरने तोंडात पाणी तर अजिबात ओतू नका. या प्राण्यांची श्वासनळी तोंडात अगदी पुढे, जिभेपाशीच उघडते, जबरदस्तीने ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. त्याला तहान असेल तर पानावरचे थेंब तो स्वतःच चाटेल.

आता अर्धा तास लांबून बघत बसा, हात लावू नका, सारखं उचलून बघितलं की तो घाबरतो आणि घाबरल्यावरही रंग बदलतो, तोंड उघडतो, मग काहीच कळत नाही. नुसती उष्णता असेल तर गारव्यात गेल्यावर त्याचं तोंड मिटतं, हळूहळू हिरवा रंग परत येतो, डोळे फिरायला लागतात आणि तो परत फांदीवर चढतो. याउलट गारव्यात जाऊनही तोंड उघडंच राहिलं, डोळे मिटलेलेच राहिले, फांदीची पकड सुटायला लागली किंवा अंग लुळं पडलं तर पुढचं काही वाचत बसू नका, त्याला घेऊन डॉक्टरकडे निघा.

म्हणजे नुसतं तोंड उघडं आहे यावरून ऊन की आजार हे ठरत नाही, ते कधी उघडतं आणि कधी मिटतं यावरून ठरतं. दुपारी बारा ते चार या वेळातच होतंय आणि सकाळी सातला, रात्री नऊला सगळं ठीक असतं तर दोष बहुतेक पिंजऱ्याच्या जागेचा आहे. सकाळच्या गारव्यातही तोंड उघडं दिसलं तर ते ऊन नाही.

हे असं का होतं तेही सांगतो. सरपटणाऱ्या प्राण्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता आतून कमी-जास्त करायची सोय नाही, म्हणून शॅमेलिऑन रंग फिका करतो (फिक्या रंगावरून ऊन परावर्तित होतं), तोंड उघडून वाफेवाटे थोडी उष्णता बाहेर टाकतो आणि जागा बदलतो. 2015 साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं की त्याच्या त्वचेत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो, आणि त्याच्या खाली स्फटिकांचा आणखी एक थर असतो जो उन्हातली उष्णता परावर्तित करतो. आजूबाजूच्या वस्तूसारखा रंग घेतो ही आपल्याकडची जुनी समजूत तेवढी बाजूला ठेवा, रंग बघायचा तो त्याची तब्येत, मूड आणि तापमान कळायला. गार पडला की तो गडद होतो म्हणजे जास्त ऊन शोषता येतं, तापला की फिका. रात्री झोपेत फिका दिसला तर काळजी नको, झोपेत तसेच दिसतात. आणि अंगावर ठिकठिकाणी पांढरट पापुद्रे दिसत असतील तर ती कात आहे.

पण जागा बदलायची सोय पिंजऱ्यात उरतच नाही ना. रानात तो झुडपाच्या आत सावलीत सरकला असता, इथे खाली उतरतो तर तळही तापलेला. बरेच जण म्हणतात येमेन आणि सौदीकडचा प्राणी आहे, नाशिकच्या उन्हाचं त्याला काय, पण तो तिथल्या वाळवंटात राहत नाही, डोंगरउतारांवर आणि झाडी असलेल्या दऱ्यांमध्ये राहतो, रात्री तिथे छान गारवा पडतो.

आकडे सांगायचे तर बास्किंगच्या फांदीवर साधारण 29 ते 32 अंश, सावलीच्या भागात 22 ते 27, आणि रात्री 18-20 पर्यंत उतरलं तर उलट चांगलं. आता एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा 40 च्या आसपास जातो, वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, पत्र्याचं छत असेल तर विचारूच नका, अशा खोलीत बल्ब न लावताच 36-37 होतं आणि वर तुम्ही बास्किंगचा बल्ब लावलात तर त्या फांदीवर 45 सुद्धा होईल. म्हणून या दोन महिन्यांत बास्किंग सकाळी थोडा वेळ पुरे, तेही खोली गार असेल तर, यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) मात्र रोजच्यासारखी चालू ठेवा, ती बंद केलीत तर दुसरी दुखणी सुरू होतील. नाशिकची हवा थंड असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलोय आणि रात्रीपुरतं ते बरंचसं खरंही आहे, पण तुमचा प्राणी अडकतो तो दुपारी.

तापमान अंदाजाने नको, प्रोब (वायरच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर) असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, स्वस्तात मिळतो, त्याचा प्रोब तो जिथे बसतो बरोब्बर त्या फांदीला बांधा आणि दुपारी दोनला आकडा बघा. कोविडच्या वेळी घेतलेल्या कपाळावर धरायच्या बऱ्याचशा गन माणसाच्या अंगाच्या तापमानापुरत्याच चालतात, त्यावर विसंबू नका. आणि खिडकीपाशी ठेवलेला पिंजरा जाळीचा नसून काचेचा किंवा जुना फिश टँक असेल तर तो आजच बदला. काचेच्या टँकवर थेट ऊन आलं की आत फार थोड्या वेळात जीवघेणं तापतं, हवा खेळत नाही, आणि काचेतून यूव्हीबी येत नाही म्हणून त्या उन्हाचा त्याला फायदाही शून्य.

आता आजाराकडे. तोंड उघडं ठेवायला लावणारा आजार म्हणजे श्वसनाचा संसर्ग. यात तो नाक वर करून, मान ताणून श्वास घेतो, जवळ कान नेला तर बारीक टकटक किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, नाकाशी किंवा तोंडाच्या कडेला चिकट फेस, बुडबुडे दिसतात. हे आपल्याकडे जास्त दिसतं ते जुलै-ऑगस्टच्या झिमझिम पावसात, जेव्हा पिंजरा दिवस-दिवस वाळत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा निफाडचा पारा काही वर्षी 5 अंशांच्याही खाली जातो आणि आपल्या घरातल्या फरशाही गार पडतात. पण उन्हाळ्यात कूलरवाल्या खोलीत दिवसरात्र दमट हवा आणि पाण्याचे मोठे तुषार थेट पिंजऱ्यावर, यानेही होऊ शकतो, म्हणून वर झोत नको म्हटलं. यावर काढा, वाफ, माणसाची औषधं यातलं काहीही करू नका, डॉक्टरने दिलेलं अँटिबायोटिकच लागतं. तोंडाच्या कडेला पिवळट, चीजसारखा पू दिसला तर तो तोंडाचा संसर्ग, त्यालाही डॉक्टरच.

डोळे मिटण्याचं मात्र एकच कारण नसतं. डोळे आत खोल गेलेले असतील तर पाणी कमी पडतंय. पापणी सुजलेली, डोळा फुगलेला असेल तर संसर्ग, डोळ्यात कचरा, कधी व्हिटॅमिन ए ची कमतरता. आणि दोन्ही डोळे नुसतेच मिटलेले, बाकी काही दिसत नाही, तर तो आतून खूप थकलाय. हे प्राणी आजार लपवतात, रानात अशक्त दिसला की कोणीतरी खाल्लाच, त्यामुळे आपल्याला दिसेपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. "उद्या बघू" हे कुत्र्या-मांजराच्या बाबतीत कधी कधी चालून जातं, इथे चालत नाही.

पाणी कमी पडतंय का हे विष्ठेवरून कळतं. तपकिरी भागासोबत जो खडूसारखा भाग असतो तो पांढरा हवा, पिवळसर चालेल, गडद केशरी आला तर शरीरात पाणी कमी आहे. वाटीत ठेवलेलं पाणी यांना बहुधा कळतच नाही, हलणारे थेंब लागतात, म्हणून मेडिकलमधून सलाईनचा सेट आणून एका बाटलीला लावा आणि पानांवर टपटप होईल असा ठेवा, उन्हाळ्यातल्या आपल्या कोरड्या हवेत सकाळ-संध्याकाळ फवाऱ्यासोबत हे हवंच.

हातापायाची हाडं वाकडी दिसणं, जबडा मऊ लागणं, जीभ अर्धवटच बाहेर पडणं ही कॅल्शियम आणि यूव्हीबी कमी पडल्याची लक्षणं. यूव्हीबी ट्यूब दिसायला पेटलेली असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचा उपयोग संपतो, तुमची कधी घेतली ते आठवून बघा.

एक गोष्ट नाशिकमध्ये राहणाऱ्यांनी खास लक्षात ठेवायची: खायला घालायचे नाकतोडे द्राक्षबागेतून किंवा भाजीच्या मळ्यातून पकडून आणू नका. बागांवर किती फवारण्या होतात ते आपण बघतोच, ते विष किड्यांमार्फत याच्या पोटात जातं, मग अंगाला झटके, लाळ, अचानक गळून जाणं, आणि लोक म्हणतात ऊन लागलं. घरातली मच्छर कॉइल, अगरबत्तीचा धूर, झुरळांचा स्प्रे हेही त्याच्या खोलीत नको.

डॉक्टरचं म्हणाल तर नाशिकमध्ये जनावरांचे, कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर भरपूर आहेत पण सरपटणारे प्राणी बघणारे शोधावे लागतात, म्हणून दोन-चार ठिकाणी आधी फोन करून "शॅमेलिऑन बघता का" हे स्पष्ट विचारा, नाहीतर पुण्या-मुंबईच्या एक्झॉटिक (असे वेगळे प्राणी बघणाऱ्या) डॉक्टरला आधी व्हिडिओ पाठवून बोला. सोबत ताजी विष्ठा छोट्या डबीत, श्वास घेतानाचा व्हिडिओ, पिंजऱ्याचे फोटो, तापमानाचे आकडे आणि किचनच्या काट्यावर केलेलं वजन न्या. जायचं असेल तर पहाटे निघा, भोकं असलेल्या खोक्यात एक आडवी काडी धरायला, वर पातळ कापड, आणि सिन्नर किंवा कसाऱ्याला चहाला थांबलात तर त्याला बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.

व्हेल्ड सायटिसच्या (वन्य प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतला प्राणी आहे, 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते, ती राहिली असेल तर करून घ्या. आणि तुम्हाला व्हेल्ड म्हणून कोणी आपल्या रानातला शॅमेलिऑन दिला असेल (डोक्यावर उंच शेंडीसारखा तुरा नसेल तर शंका घ्या) तर तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, पाळता येत नाही, वनविभागाला कळवा.

आता मला इतकंच कळवा: दुपारी दोनचा फांदीवरचा आकडा किती, विष्ठेतला पांढरा भाग कसा आहे, आणि नर आहे की मादी. मागच्या पायाच्या टाचेला छोटा काटा असेल तर नर. नसेल तर मादी, आणि मग तळाशी उतरण्याचं कारण अंडी असू शकतं, व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी धरते आणि या वयात ते सहज होतं. पोट भरलेलं दिसत असेल, तळ खरवडत असेल तर आजच एका बादलीत वीतभर किंवा थोडी जास्त खोल ओलसर वाळू भरून आत ठेवा, आणि उकरूनही अंडी न घालता ती गळून बसली तर रात्रीची वाट न बघता डॉक्टर गाठा, आत अडकलेल्या अंड्यांनी मादी दगावते.