मानवी तस्करीबद्दल गावात जनजागृती कशी करावी? (बीड)

जे काही करायचं ते दसऱ्याच्या आत करा. एकदा ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या की गावात ऐकायला म्हातारी माणसंच उरतात. रॅली, फलक वगैरे फोटोपुरतं ठीक.

उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देताना मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो, तिथं बोला. उचल घेणं गुन्हा नाही, पण ती फिटेपर्यंत ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोला अडकवून ठेवणं म्हणजे वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं ती बंद आहे. रक्कम, मुकादमाचं पूर्ण नाव, कारखाना, फोन नंबर वहीत लिहून एक प्रत आशाताईंकडे ठेवा.

परराज्यातलं बिनहुंड्याचं, 'सगळा खर्च आमचा' म्हणणारं स्थळ आलं तर दोन माणसं आधी घर बघून येऊ द्या. मूल अडकलं असेल तर १०९८ ला फोन करा, नाहीतर ११२ ला.