मॅक्लोडगंजला पहिल्यांदा जाताना

तुम्ही पहिल्यांदाच जात असल्यामुळे हिमाचल प्रदेशातल्या धरमशाला आणि मॅक्लोडगंज यांतला फरक आधी ध्यानात घ्यावा: धरमशालेची मुख्य बाजारपेठ खाली आहे, तर 1960पासून दलाई लामांचे वास्तव्य असलेले मॅक्लोडगंज वर डोंगरात आहे, आणि मुक्काम वरच करावा. रेल्वेने पठाणकोटला उतरल्यावर पुढे सुमारे 90 किलोमीटर रस्त्याने जावे लागते. जुलै-ऑगस्ट मात्र टाळावा, कारण धौलाधार या डोंगररांगेच्या पायथ्याचा पाऊस कोकणातल्या माणसालाही जड जातो.

मॅक्लोडगंजचे मुख्य बौद्ध मंदिर सगळेच पाहतात. मी मात्र भल्या सकाळी त्याच्या भोवतीच्या ‘कोरा’ या परिक्रमेच्या वाटेवर जाण्याचा आग्रह धरेन. आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेप्रमाणेच मंदिर उजव्या हाताला ठेवून ती चालायची असते, त्यामुळे आपल्याला त्यात वेगळे शिकण्यासारखे काही नाही. वाटेतली प्रार्थनाचक्रेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवावीत आणि जप करणाऱ्या वृद्धांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. धरमशालेजवळच्या सिद्धपूर इथल्या नोर्बुलिंग्का या तिबेटी कलांच्या संस्थेसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, कारण थांगका ही कापडावरची बौद्ध धार्मिक चित्रे आणि लाकडावरचे कोरीवकाम करणारे कारागीर तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळतात. मोमो काय, हल्ली पुण्यातही मिळतात; मॅक्लोडगंजला संध्याकाळी गरम थुक्पा, म्हणजे नूडल्सचे तिबेटी सूप, घ्यावा.