जप्त केलेला लॅपटॉप कोर्टात टिकतो कशावर?

तुमचे प्रश्न दोन: डिलीट केलेल्या फायली पोलीस परत कशा मिळवतात, आणि कोर्ट त्यावर विश्वास का ठेवतं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. फाइल डिलीट केली की जुन्या हार्ड डिस्कमध्ये फक्त तिची नोंद जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथंच पडून असतो. एसएसडीत, म्हणजे नव्या लॅपटॉपमधल्या चिपवर चालणाऱ्या डिस्कमध्ये, मात्र तो लवकर पुसला जातो, त्यामुळे हल्ली हा खेळ अवघड झालाय.

अमेरिकेत एफबीआयने 1984 च्या सुमारास या कामासाठी वेगळी टीम उभी केली. पण सामान्य माणसाला त्याची ताकद कळली ती 2005 मध्ये, विचिटा शहरात. दहा खून करून तीसेक वर्षं सापडत नसलेल्या डेनिस रेडरने पोलिसांनाच विचारलं होतं, की फ्लॉपी पाठवली तर माझा माग लागेल का? पोलिसांनी पेपरात छोटी जाहिरात देऊन कळवलं, काही होणार नाही. त्याने बिनधास्त पाठवली! त्यातल्या डिलीट केलेल्या वर्ड फाइलच्या मेटाडेटात (फाइल कुणी, कुठं बनवली याच्या आतल्या नोंदीत) एका चर्चचं नाव आणि 'डेनिस' एवढंच होतं. काही दिवसांत तो आत. अर्थात शेवटचा खिळा डीएनएने ठोकला.

आता कोर्ट. मी अशा कामात बरीच वर्षं काढलीत, आणि माझं मत विचाराल तर शोधण्यापेक्षा 'जप्तीनंतर याला कुणी हात लावला नाही' हे दाखवणंच जास्त जिकिरीचं. एका केसमध्ये कंपनीतल्याच मुलाने उत्साहाच्या भरात लॅपटॉप सुरू करून फोल्डर चाळले. नुसतं विंडोज सुरू झालं तरी ढीगभर फायलींच्या तारखा बदलतात. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "जप्ती सोमवारची, मग या फायली मंगळवारच्या कशा?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून डिस्क राइट ब्लॉकरला, म्हणजे तिच्यावर काही लिहू न देणाऱ्या उपकरणाला, लावतात, तिची बिट-बाय-बिट प्रत घेतात, हॅश (डेटावरून गणिताने निघणारा त्याचा ठसा) काढतात आणि पुढचं सगळं काम प्रतीवर. एसएचए-256 या पद्धतीचा हॅश म्हणजे 64 अक्षर-अंकांची ओळ. एक स्वल्पविराम बदला, ओळ पार वेगळी येते.

कायद्याची गाडी आपल्याकडे हळूहळू रुळावर आली. जुन्या पुरावा कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कलम 65ब चं प्रमाणपत्र जोडायचं होतं; ते हवंच की नको, यावर 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने सूट दिली, 2014 मध्ये ती काढून घेतली. 2020 चा निकाल आपल्या जालन्याचा, अर्जुन खोतकरांच्या निवडणुकीचा. उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हे दाखवणारं व्हिडिओ चित्रण होतं, पण अधिकारी वारंवार मागूनही प्रमाणपत्र देईनात. कोर्ट म्हणालं, मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र लागणारच. मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर त्याचा बळी द्यायचा नाही. कोर्टाने ते मागवून घ्यावं.

1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहायचा. गंमत म्हणजे त्या नमुन्यात एमडी5 या जुन्या हॅश पद्धतीचा पर्याय अजून आहे, जिची फोड 2004 मध्येच झाली, म्हणजे दोन वेगळ्या फायलींना एकच हॅश आणता येतो हे दिसलं. मी तरी तिथं खूण करत नाही.

फोनचं प्रकरण आणखी वेगळं. चालू फोनमधून दोनदा डेटा काढला तर दोन हॅश सहसा जुळत नाहीत, कारण तो मधल्या वेळात स्वतःच काहीतरी लिहीत असतो. तेव्हा तुमच्या केसमध्ये फोन असेल, तर पहिला हॅश कधी आणि कुणासमोर काढला, ते पंचनाम्यात आहे का एवढं आधी बघा.