प्रभावळ की प्रभामंडळ?

प्रश्न असा आला आहे : नटराजाच्या कांस्यमूर्तीभोवती ज्वालांचे जे कडे असते त्याला प्रभावळ म्हणावे की प्रभामंडळ? आणि ‘प्रभावळ’ हा शब्द ‘प्रभाव’वरून आला का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : नाही. मूळ शब्द संस्कृत ‘प्रभावली’. प्रभा म्हणजे तेज, आवली म्हणजे ओळ. दीपावलीची दिवाळी झाली, तशीच प्रभावलीची प्रभावळ. म्हणून शब्द स्त्रीलिंगी आहे : ती प्रभावळ, त्या प्रभावळी, प्रभावळीचा, प्रभावळीवर. ‘प्रभावळाचा’ हे रूप चूक. पुढाऱ्याभोवतीच्या मंडळींना आपण ‘त्यांच्या प्रभावळीतले’ म्हणतो, तेही देवामागच्या चौकटीवरूनच.

आता नटराज. तिथे प्रभावळच म्हणावे. प्रभामंडळ हे मस्तकामागचे तेजोवलय. मूर्तिशास्त्रात त्याला शिरश्चक्रही म्हणतात. चोळकालीन विष्णू किंवा पार्वतीच्या मूर्तीमागे जाऊन पाहिले, तर मानेशी बसवलेले छोटे चक्र दिसते, ते हे. प्रभावळ मात्र संपूर्ण मूर्तीला कवेत घेते. ती पीठावरच्या, म्हणजे मूर्तीच्या बैठकीवरच्या, दोन मकरांच्या मुखांतून निघते आणि तिच्या बाहेरच्या कडेवर ज्वाला असतात; एकेका ज्वाळेला बहुधा तीन किंवा पाच जिभा. जुन्या मूर्तींत तिचा आकार लांबट असतो, पुढे तो गोलाकडे झुकतो. तमिळमध्ये तिला तिरुवासी म्हणतात, आणि शैव सिद्धान्त या तमिळ शैव मतात ती ओंकाराचे रूप मानली जाते.

इथे अर्थाची एक गल्लत नेहमी होते. नटराजाच्या मागच्या डाव्या हातातला अग्नी संहाराचा, मागच्या उजव्या हातातला डमरू सृष्टीचा. भोवतालच्या ज्वाला मात्र त्या दोन्हींना सामावणाऱ्या विश्वचक्राच्या. त्यामुळे प्रभावळीचे वर्णन नुसते ‘संहाराची आग’ असे करणे अपुरे आहे.

प्रभावळ पुष्कळदा वेगळी ओततात आणि तिची कुसवे, म्हणजे खालची निमुळती टोके, पीठाच्या खाचांत बसवतात. म्हणूनच संग्रहालयांत प्रभावळ हरवलेले नटराज आढळतात. पीठाच्या दोन टोकांच्या रिकाम्या खाचा तेवढ्या उरतात. पीठाला कड्या किंवा आरपार भोकेही असतात, पण ती मिरवणुकीचे दांडे अडकवण्यासाठी. ही उत्सवमूर्ती आहे, मिरवणुकीत देवळाबाहेर पडणारी. काही मूर्तींत पसरलेल्या जटा थेट प्रभावळीच्या कड्याला जोडलेल्या असतात. त्याने रचनेला आधारही मिळतो.

ओतण्याच्या पद्धतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधमाशांचे मेण. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचे वर्णन आहे. मेणाच्या मूर्तीवर आधी अगदी बारीक, मग जाड मातीचे थर देतात, तापवून मेण काढून टाकतात आणि पोकळीत धातू ओततात. कांसे मेणाच्या सुमारे नऊपट जड असल्याने मेणाच्या वजनावरून धातूचा अंदाज बांधता येतो. धातू साच्यात नेणाऱ्या वाहिन्यांसाठी थोडा जास्त घ्यावा लागतो. साचा थंड असला तर ज्वालांच्या बारीक टोकांपर्यंत पोचण्याआधीच धातू थिजतो, आणि ओल राहिली तर वाफेने छिद्रे पडतात. साचा फोडावाच लागतो, म्हणून त्यातून दुसरी प्रत निघत नाही.

महाराष्ट्र-गोव्याच्या देवळांतली प्रभावळ वेगळी. इथे लाकडी चौकट चांदीच्या किंवा पितळेच्या पत्र्याने मढवतात, पत्र्यावर उठावाचे काम ठोकून काढतात, आणि माथ्यावर बहुधा कीर्तिमुख, म्हणजे सिंहासारखे उग्र मुख, असते. तेव्हा आपली प्रभावळ मढवलेली, चोळांची ओतीव. वर्णनात दोन्हींना सरसकट ‘कोरीव’ लिहिले जाते, ते टाळावे. ओतल्यानंतर छिन्नी फिरते, पण ती तपशील उठावदार करण्यापुरतीच.