१४ जणांसाठी खासगी यॉट निवडताना आधी डिंगी पाहावी

आपण विचारले आहे की १४ जणांच्या गटाला समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीसाठी पाच दिवस खासगी यॉट भाड्याने घ्यायची आहे, गटात दोन वयस्कर माणसे आणि चार मुले आहेत, तेव्हा मोटर यॉट घ्यावी की शिडाची, आणि किती केबिनची घ्यावी. केबिनचे उत्तर मी शेवटी देईन, कदाचित पुरते देणारही नाही. कारण केबिन मोजून बोट ठरवण्याची चूक आमच्या घराने एकदा केलेली आहे आणि सहा वर्षे झाली तरी तो वाद मिटलेला नाही.

आधी आकड्याचे उरकतो. समुद्रावरील सुरक्षिततेचा जो १९७४ चा आंतरराष्ट्रीय सोलास करार आहे, त्यात १२ पेक्षा अधिक प्रवासी नेणारे ते प्रवासी जहाज, अशी व्याख्या आहे. आणि एकदा प्रवासी जहाज ठरले की आग विझवण्याच्या सोयीपासून जीवरक्षक नौकांपर्यंत सगळेच नियम कितीतरी कडक होतात. त्यामुळे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक यॉट, त्या कितीही लांबलचक असल्या तरी, पाहुण्यांची संख्या १२ वर थांबवतात. यात मुलांना अर्धे तिकीट नसते. एक वर्षाच्या आतले तान्हे मूल तेवढे मोजणीतून सुटते. म्हणून आपल्या १४ जणांना एकाच बोटीवर घेतो असे कोणी सहज म्हणाले, तर खूश होण्याआधी त्याच्या परवान्यावर आणि विम्याच्या कागदावर किती प्रवासी लिहिले आहेत ते पाहावे.

आम्ही ११ जण होतो, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला आला नाही. आमचे गाडे पुढे अडले. सहल ठरली होती ती सासूबाईंसाठी. त्यांचे वय तेव्हा ७१ होते, उजवा गुडघा दुखरा होता, आणि त्यांची इच्छा एवढीच होती की गर्दी नसलेल्या एखाद्या किनाऱ्यावर वाळूत बसावे आणि पायांवरून पाणी जाऊ द्यावे. असा किनारा रस्त्याने गाठता येत नव्हता म्हणून बोटीचा विचार निघाला. बोट निवडण्याचे काम आमच्या थोरल्या साडूंनी स्वतःकडे घेतले आणि २४ मीटर लांबीची, पाच केबिनची, वरच्या डेकवर गरम पाण्याचे कुंड असलेली मोटर यॉट पसंत केली. फोटो खरोखरच देखणे होते. मी त्या बैठकीत एकच प्रश्न विचारला, की ही बोट किनाऱ्यापासून किती लांब नांगर टाकते आणि तिच्या डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीत, एका वेळी किती जण बसतात. साडू म्हणाले, "आता तरी कचेरीतून बाहेर या." सगळे हसले. मीही हसलो, ही माझी चूक.

हा प्रश्न कारकुनी नव्हता, हे पहिल्याच सकाळी कळले. त्या यॉटचा ड्राफ्ट, म्हणजे बोटीचा पाण्याखाली जाणारा भाग, १.९ मीटर होता. ओहोटीला तळाखाली पुरेसे पाणी राहावे आणि वाऱ्याबरोबर बोट नांगराभोवती फिरली तरी ती उथळात जाऊ नये, एवढी जागा कप्तानाला ठेवावीच लागते. आणि नांगराची साखळी खोलीच्या पाचपट तरी सोडायची म्हटले की ते फिरण्याचे वर्तुळ चांगलेच मोठे होते. शिवाय जो किनारा मुलांना खेळायला उत्तम, तोच मोठ्या बोटीला अडचणीचा, कारण त्याची वाळू हळूहळू उतरत जाते. आमचा किनारा दर १०० मीटरला जेमतेम पाऊण मीटर खोल होत होता. कप्तानाने साडेचार मीटर पाण्यात नांगर टाकला, आणि किनारा ६०० मीटर लांब राहिला.

त्या ६०० मीटरसाठी आमच्याकडे एकच रबरी डिंगी होती. तिच्यावरच्या पट्टीवर पाच माणसांची मर्यादा लिहिलेली होती, म्हणजे खलाशी धरून पाच, म्हणजे आमचे चार. चढणे, उतरणे, जाणे, येणे मिळून एका खेपेला वीस मिनिटे लागत. तीन खेपा म्हणजे एक तास. पहिल्या खेपेची माणसे वाळूत बसून कंटाळेपर्यंत तिसऱ्या खेपेची माणसे डेकवर जीवरक्षक जाकिटे घालून घामाघूम उभी असत, आणि कोणाची टोपी राहिली की पुन्हा एक खेप.

सासूबाईंना आम्ही दुसऱ्या खेपेत घेतले. बोटीच्या मागे पाण्यालगत एक फळी असते, तिथून डिंगीत उतरायचे. समुद्र त्या वेळी शांत म्हणावा असाच होता, तरी डिंगी त्या फळीपाशी वीतभर, कधी हातभर वरखाली होत होती. खलाशी समजूतदार होता. त्याने त्यांचा तळहात न धरता मनगट धरले आणि त्यांनाही आपले मनगट धरायला लावले, कारण ओला तळहात निसटतो. डिंगी वर आली की मी सांगेन, तेव्हाच पाऊल टाका, असे त्याने त्यांना दोनदा समजावले. त्यांनी पाऊल उचलले, पण गुडघ्याने क्षणभर उशीर केला आणि तेवढ्यात डिंगी खाली गेली. त्या पडल्या नाहीत. खलाशाने मनगट सोडले नव्हते, म्हणून मागे फळीवरच बसल्या. एक चप्पल मात्र बोट आणि डिंगी यांच्या फटीतून पाण्यात गेली आणि उताणी होऊन तरंगत लांब जाऊ लागली. कोणी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुम्ही जा, मी इथूनच बघते." पुढचे तिन्ही दिवस त्यांनी किनारा ६०० मीटरवरून पाहिला.

दुपारची गोष्ट वेगळीच. खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असतात, पण सहलीचे वेळापत्रक आखताना ते कोणाला आठवत नाहीत. दिवसा जमीन तापली की वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहू लागतो आणि दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. त्यामुळे सकाळी ज्या पाण्यातून डिंगी अलगद आली, त्याच पाण्यातून संध्याकाळी परतताना ती लाटांवर आपटत जाते आणि पुढे बसलेला माणूस नखशिखान्त भिजतो. ज्यांच्याबरोबर लहान मुले आहेत त्यांनी किनाऱ्याचा कार्यक्रम सकाळचा ठेवावा आणि वारा चढायच्या आत बोटीवर परतावे.

रात्रीचे थोडक्यात सांगतो. नांगरलेली बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, परंतु दुरून येणारी संथ लाट वाऱ्याच्याच दिशेने येईल असे नाही. ती बाजूने आली की एका तळाची बोट पाळण्यासारखी डावीउजवीकडे झुलू लागते. कुठल्यातरी खणात एक चमचा रात्रभर इकडून तिकडे जात होता आणि प्रत्येक फेरीला टिंग असा आवाज करीत होता. तो खण आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही. माहितीपत्रकात "स्टॅबिलायझर आहेत", म्हणजे झुलणे कमी करणारी यंत्रणा आहे, असे लिहिले होते आणि ते खोटे नव्हते, पण ते बोट चालू असतानाच काम करणारे होते. नांगरलेल्या अवस्थेतही चालणारे वेगळे असतात, आणि त्यांना रात्रभर जनरेटर लागतो, ज्याची घरघर खालच्या केबिनमध्ये ऐकू येते. सहा जणांना बोट लागली. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. डॉक्टरांना विचारून ती निघण्यापूर्वीच घ्यावी लागते.

आता साडूंचा मुद्दा. ते आजही चारचौघांत सांगतात की सहल कप्तानाच्या आळसामुळे बिघडली. झाले असे की तिसऱ्या दिवशी, भरती पूर्ण असताना, त्यांनी कप्तानाला सांगितले की आईंना उतरणे सोपे जावे म्हणून बोट आणखी पुढे घ्या आणि आज रात्री तिथेच राहू द्या. हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. कप्तान त्यांना तिथे घेऊन गेला आणि खोली दाखवणारे यंत्र दाखवले. पाणी ३.४ मीटर होते. पौर्णिमा जवळ आल्यामुळे उधाणाचे दिवस होते आणि त्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक १.७ मीटर होता. म्हणजे सहा तासांनी तिथे १.७ मीटर पाणी उरणार होते आणि बोटीला १.९ मीटर लागत होते. साडू म्हणाले, "आम्ही पैसे मोजले आहेत." कप्तान म्हणाला, "वाळूने मोजलेले नाहीत," आणि बोट वळवली. बोट सुरक्षित ठेवण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द कप्तानाचा असतो. भाडे देणाऱ्याला प्रवासाची आखणी सुचवता येते, समुद्राचा तळ खाली ढकलता येत नाही. त्या माणसाला आळशी म्हणणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. बिघाड कप्तानात नव्हता, निवडीत होता.

तर आपल्या प्रश्नाकडे वळतो. माझे मत स्पष्ट आहे: किनारा हाच सहलीचा हेतू असेल, तर मोटर यॉट घेऊ नये, कॅटमरान घ्यावी, आणि आपण १४ जण आहात तर दोन घ्याव्यात. दोन तळांच्या १४ मीटर लांबीच्या कॅटमरानचा ड्राफ्ट साधारण सव्वा ते दीड मीटर असतो, तेवढ्याच लांबीच्या एका तळाच्या शिडाच्या बोटीचा दोन मीटरच्या आसपास. कॅटमरान अधिक उथळात जाते, नांगरल्यावर कमी झुलते, आणि मागच्या बाजूला दोन्ही तळांवर पाण्यापर्यंत रुंद पायऱ्या असतात, ज्या दुखऱ्या गुडघ्याला त्या फळीपेक्षा फार बऱ्या. दोन बोटी म्हणजे दोन डिंग्या, आणि एक बिघडली तर दुसरी. बोट चालवण्याचा परवाना आणि पुरेसा अनुभव गटात कोणाकडे नसेल तर विनाकप्तान बोटीचा विचारही करू नये; "यूट्यूबवर पाहिले आहे" हा अनुभव नव्हे.

कोणतीही बोट घेतली, तरी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मालकाकडून लेखी घ्यावे की डिंगी किती माणसांची आहे, तिचे इंजिन किती ताकदीचे आहे, वयस्कर माणूस पाण्यापाशी कसा उतरतो याचा फोटो कुठे आहे, आणि ठरलेल्या किनाऱ्यासमोर ती बोट प्रत्यक्षात किती अंतरावर नांगरते. चौथ्या प्रश्नाला "जवळच" असे उत्तर आले तर बोट बदलावी. मुलांच्या मापाची जाकिटे वजनानुसार वेगळी असतात, तीही मोजून घ्यावीत. हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतात, तारीख बदलून मिळते की काहीच मिळत नाही, हे करारात शोधावे, बोलण्यात नव्हे. आणि केबिन: "१० जण झोपू शकतात" या वाक्यात बहुधा बैठकीच्या खोलीतले सोफे धरलेले असतात, त्यामुळे दारे असलेल्या खोल्या आणि शौचालये वेगळी मोजावीत.

कॅटमरानचे दोष सांगितले नाहीत तर ते माझ्याकडून अन्यायाचे होईल. समोरून लाट घेऊन जाताना दोन तळांच्या मधल्या पोटावर पाणी धाडधाड आपटते आणि नवख्याला बोट फुटते की काय असे वाटते. तिची रुंदी सात मीटरच्या वर असल्याने धक्क्याला जागा मिळणे अवघड जाते. शिवाय ती संथ आहे. शिडावर ताशी सहा-सात सागरी मैल मिळाले तर उत्तम. दोन किनाऱ्यांत लांब अंतर असेल आणि वेळ थोडा असेल, तर मोटर यॉटच सोयीची, मात्र दोन डिंग्यांची. आणि किनाऱ्यावर धक्का असेल आणि तिथे पुरेसे पाणी असेल, तर माझे वरचे निम्मे रामायण आपल्याला लागूच पडत नाही.

माझी स्वतःची चूकही नोंदवतो. खलाशांसह मिळणाऱ्या यॉटवर इंधन, खाणेपिणे, बंदराचे शुल्क यांसाठी भाड्याखेरीज एक आगाऊ रक्कम कप्तानाकडे ठेवावी लागते. ती बहुधा भाड्याच्या पाव ते एक तृतीयांश असते. कप्तान तिचा हिशेब ठेवतो, उरले तर परत देतो, संपले तर आणखी मागतो. आमच्या करारावर सही माझी होती आणि ते कलम मी नीट वाचले नव्हते. तिसऱ्या दिवशी रक्कम संपली, कप्तानाने आणखी मागितली, आणि त्याने इंधनात पैसे खाल्ले असा आरोप साडूंनी केला. वस्तुतः पहिल्या दिवशी "जरा वेग घ्या" असे तेच सतत सांगत होते. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ८ ऐवजी १० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) गेले की तासाचे इंधन जवळपास दुप्पट होते, आणि वाचतात ती काही मिनिटे. इंजिन किती तास कोणत्या वेगाने चालले आणि किती लिटर लागले, हे त्या हिशेबाच्या कागदावर रोजच्या रोज लिहिलेले आहे. तो कागद मी जपून ठेवला आहे आणि साडूंनी मागितला तर आजही दाखवीन. सहा वर्षांत त्यांनी तो एकदाही मागितलेला नाही.