नव्या सेक्रेटरीला चार गोष्टी
सोसायटीचा सेक्रेटरी झालास, अभिनंदन! लगेच नियमांचे बोर्ड लावत सुटू नकोस. आधी वॉचमनशी बोल. कुठल्या विंगला पाणी चढत नाही, हे कमिटीपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. हे सोपं. अवघड असतं पार्किंग. भांडणाऱ्या दोघांकडे आदल्या संध्याकाळी वेगवेगळं जा, चहा घे, मध्ये न बोलता ऐक. सभेतला आवाज निम्मा होतो. ठराव झाला की कोण, काय, कधीपर्यंत करणार ते तिथेच लिहून वाचून दाखव. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री वाद घालायचा नाही म्हणजे नाही. आणि स्वतःचा मेंटेनन्स आधी भर, मगच थकबाकीदारांची बेल वाजव.