माहेर पाटाकडील, सासर शिवाजी तरुण

प्रश्न : माझं माहेर मंगळवार पेठेत, सासर शिवाजी पेठेत. फुटबॉलमध्ये माहेरची पाटाकडील तालीम विरुद्ध सासरचं शिवाजी तरुण मंडळ असा सामना लागला की घरातले सगळे माझ्याकडं बघतात. मी कुणाच्या बाजूनं बसू?
– एक सून, कोल्हापूर

उत्तर : सूनबाई, आधार कार्डावरचा पत्ता बदलला म्हणून तालीम, म्हणजे पेठेचा संघ, बदलत नाही. आपल्याकडं संघ निवडायचा नसतो, तो जन्मासोबत मिळतो. ज्या तालमीच्या गणपतीला बाप वर्गणी देतो, तिचाच झेंडा पोराच्या हातात. वर्ल्डकपला एकाच गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक समोरासमोर लागतात, ती मात्र निव्वळ हौस! तिथं पक्ष बदलला तरी कुणी विचारत नाही. पेठेचं तसं नाही.

तेव्हा शाहू स्टेडियमवर खुशाल पाटाकडीलच्या बाजूला बसा. फक्त गोल झाल्यावर समोरच्या गॅलरीकडं हात करून नाचू नका. भांडणं तिथंच पेटतात, आणि मग पोलीस येतात. ईर्ष्या मला आवडते, दगड आवडत नाही. शिवाजी तरुणची गाठ दुसऱ्या कुणाशी असेल तेव्हा सासरच्यांसोबत जा, मनापासून ओरडा. सासूबाई विरघळतील.

पोरगं झालं की कुणाचं, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. ते शिवाजी पेठेचं. पण 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात खेळलेल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसारखं भारताकडून खेळलं, तर दोन्ही पेठा फलक लावतील. तुमच्या माहेरचा मोठा असेल, एवढं बघा.